तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: किलोमीटरचा माझा हट्ट

"मॅडम, तुमची स्कूटर चार्जिंगवरची. पेट्रोलच्या करातून सुटलात. मग इंधनाऐवजी किलोमीटरमागे कर घ्या म्हणत स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेताय?" विम्याचा हप्ता न्यायला गेले की निम्म्या घरांत हे ऐकते. धाकटे भाऊजी वर मीठ चोळतात, "आणि तेही मीटरनं फसल्यावर!"

दोन्ही खरं आहे. पण हसून टाळायचा आता कंटाळा आला.

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा जुन्या मोटरसायकलवर रोज सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातो. महामार्गावर दुचाकीला टोल नाही, मजा आहे तुझी, असं मी एकदा त्याला म्हणाले. तो म्हणाला, "टाकीत घेत्यात की ओ काकू." हिशेब करून पाहिला. केंद्राचं उत्पादन शुल्क, त्यावर राज्याचा 25 टक्के व्हॅट, वर लिटरमागे वेगळा अधिभार. तेव्हा लिटरला चाळीस रुपयांच्या वर कर जायचा. त्याची गाडी लिटरला पन्नास देते, म्हणजे किलोमीटरला ऐंशी-नव्वद पैसे. रस्ता तोच, खड्डे तेच, आणि मी त्याच्या शेजारून फुकट जाते. वीज बिलावर 16 टक्के शुल्क भरतेच की, असं मीही आधी म्हणायचे. रात्रीच्या दोन युनिटवर ते होतं किती? दोन-तीन रुपये. त्यात माझा अख्खा दिवस फिरून होतो.

2021 मध्ये पेट्रोल शंभरावर गेलं तेव्हा कर काढून टाका म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी मीच होते. आता स्वतः त्यातून सुटले तर आवाज बसला. हे मला टोचतं. एवढंच कारण आहे, फार थोर काही नाही.

आता मीटरचं. 2018 मध्ये आम्ही जुनी डिझेल कार घेतली. तीन लाख ऐंशी हजार, त्यातले लाख रुपये आईच्या पीएफमधले. आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. किलोमीटरच्या काट्यावर आकडा होता 61 हजार. विकणाऱ्यानं सीटवरचं प्लास्टिकसुद्धा ठेवलं होतं. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मागच्या सीटवर बसून सिद्धेश्वराला जाऊन आली. तिसऱ्या महिन्यात मोहोळच्या अलीकडे क्लच गेला. टो करून अशोक चौकातल्या मिस्त्रीकडे आणली. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. दार उघडून खाली वाकला, ब्रेकच्या पेडलावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि म्हणाला, "ताई, हे रबर बगा. पार गुळगुळीत झालंय. साठ हजारात असं होतंय व्हय?" मग स्टिअरिंगवरून हात फिरवून दाखवला. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी आधी जायची तिथं नंबर सांगून चौकशी केली. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसची नोंद निघाली: एक लाख बेचाळीस हजार. विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं, "आम्हाला जशी आली तशी दिली."

आईला सांगायला मला आठ दिवस लागले. ती म्हणाली, "काटा मागं फिरतोय होय गं?" एवढंच. पैशाचं नावही काढलं नाही. त्यानंच जास्त लागलं.

तर किलोमीटर मोजणार कोण, हे मला शिकवू नका. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांवर 1978 पासून अंतराप्रमाणे आकारणी आहे. 1 एप्रिल 2024 पासून विजेच्या मोटारीही त्यात आल्या, हजार किलोमीटरला 76 डॉलर. तिथं किलोमीटर आधीच विकत घ्यायचे आणि काटा त्यापुढे जाऊ द्यायचा नाही. हे मी भाऊजींना ऐकवलं. ते म्हणाले, "तिथं काटा मागं फिरवणारे नाहीत, वहिनी." मग मी उपग्रहावरून अंतर मोजायची गोष्ट काढली. 2024 च्या सप्टेंबरात केंद्रानं टोलच्या नियमात तशी सोय केलीच आहे, रोजचे पहिले वीस किलोमीटर माफ. म्हणजे मी कुठल्या घरी किती वेळ थांबले तेही कुणाला तरी दिसणार. हे मला नको आहे. उपग्रह नको, काट्यावर भरवसा नाही, आणि कर मात्र किलोमीटरवर हवा. माझं हे असं आहे.

सांगोल्याकडचा गिऱ्हाईक वेगळंच बोलला. डाळिंबं पुण्याला टाकून त्याचा टेम्पो रिकामा परत येतो. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, तेवढा कर आपोआप वाचतो. किलोमीटरवर घेतला तर भरलेली न् रिकामी फेरी एकाच भावात. वजनाप्रमाणे दर लावता येतो, मी म्हणाले. "मग वजनकाट्यावर परत रांग," तो म्हणाला. मी पावती फाडून दिली आणि चहा घेतला.

सगळ्यात वाईट प्रश्न आईचा. विड्या हजारावर मोजल्या जायच्या, पण त्यातून छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या, काढणारा दुसराच असायचा. आईच्या लेखी हजार वळलेल्या, वहीत नऊशे. ही सगळी योजना मी तिला नीट समजावली. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "बरं. आणि छाट कोण काढणार?"

तेव्हापासून रोज रात्री स्कूटरचा आकडा वहीत लिहून ठेवते. काल 23,418. भाऊजी विचारतात, कुणाला दाखवणार? अजून तरी कुणी मागितलेला नाही.