तुम्ही विचारलंत म्हणून: जांभेकरांना मी मास्तर का म्हणते?

६ जानेवारी, म्हणजे पत्रकार दिन, जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. बाळशास्त्री जांभेकर म्हणजे ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र, मराठी वृत्तपत्रांचे आद्य संपादक; मग मी त्यांना सारखं मास्तर का म्हणते? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘दर्पण’पासूनच सुरुवात करू. १८३२ साली ६ जानेवारीला मुंबईत त्याचा पहिला अंक निघाला. त्याचं पान डोळ्यांसमोर आणा: उभे दोन रकाने, एकात मराठी, शेजारी तोच मजकूर इंग्रजीत. इथल्या लोकांचं म्हणणं साहेबापर्यंत पोचावं हा हेतू त्यात होताच. पण इंग्रजी शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलाला ओळीला ओळ लावून वाचता येईल असं ते पान आहे. मला तरी त्यात संपादकाच्या आधी शिकवणारा माणूस दिसतो.

आणि पोटापाण्याचा उद्योगही तोच होता. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा मुंबईत बापू छत्र्यांच्या आधाराने शिकला आणि १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाला. त्या जागेवर बसलेला पहिला भारतीय माणूस. शिकवायचं तर पुस्तकं हवीत, आणि मराठीत ती फारशी नव्हती. मग बसून लिहिली: ‘नीतिकथा’, ‘बालव्याकरण’, इंग्लंडची बखर, हिंदुस्थानचा इतिहास, अगदी शून्यलब्धी, म्हणजे कलनशास्त्रासारखं उच्च गणितसुद्धा. लहान मुलांच्या गोष्टी आणि कलनशास्त्र एकाच हातून उतरावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झालं, त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन, सोबत नकाशे आणि आकृत्या. त्या कामाला त्यांनी आपले विद्यार्थीच हाताशी घेतले.

त्यांच्या शिक्षकपणाची खरी कसोटी मात्र वर्गाबाहेर लागली. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री नावाचा मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याच्या मोठ्या भावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला. कोर्टाने श्रीपादला वडिलांच्या हवाली केलं, पण जातीने दार लावून घेतलं. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, असं म्हणत बाळशास्त्री उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष अंगावर घेतला. स्वतः शास्त्री घराण्यातला, मुंबईत नाव कमावलेला माणूस. गप्प बसला असता तर कोणी काही म्हणालं नसतं. एका पोरासाठी ते गप्प बसले नाहीत, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही मी त्यांना मास्तर म्हणेन.

पुढे सरकारने त्यांना शाळांच्या तपासणीचं आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचं काम दिलं. शाळा काढणं सोपं, शिकवणारे कुठून आणायचे? त्या प्रश्नावर ते काम करत होते आणि त्यातच १८४६ च्या मे महिन्यात गेले. पस्तिशीच्या आसपासचं वय.

आता प्रभावाचं. तो पुस्तकांच्या यादीत शोधू नका, विद्यार्थ्यांत शोधा. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ सुरू केलं, आणि लोकहितवादींची शतपत्रं त्यातच छापली गेली. बाळशास्त्री जुने ताम्रपट आणि शिलालेख वाचत. भाऊ दाजी लाड डॉक्टर झाले, तरी शिलालेखांचा नाद त्यांनाही सुटला नाही. दादाभाई नौरोजी पुढे एल्फिन्स्टनमध्येच गणिताचे प्राध्यापक झाले. १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढायची वेळ आली तेव्हा कॉलेजातली पोरंच पुढे सरसावली, आणि मोबदला न घेता शिकवायला लागली. त्यांत दादाभाई होते.