टोलनाक्यापुरता बेल्ट
आज मामेभावाच्या गाडीतून बीडहून संभाजीनगरला आलो. पाडळसिंगीचा टोलनाका दिसला की दादाचा हात बेल्टकडे, नाका मागे पडला की बेल्ट सुटला. म्हटलं, "राहू द्या की." तर म्हणे, "आता कुठंयत पोलीस?" दंडानं माणूस दंडालाच भ्यायला शिकला, अपघाताला नाही.

मागच्या सीटचं तर विचारूच नका. बकल नव्या कव्हरखाली गेलेलं. हात घालून उचकटलं तर सोबत शेंगांची टरफलं निघाली.

आपल्या बेल्टच्या जाहिराती म्हणजे चेपलेली गाडी नि कवटी. फार भ्याव दाखवलं की माणूस नजर फिरवतो, 'आपल्याला काय होतंय' म्हणतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात 2003 च्या सुमारास उलटं केलं: इथले बहुतेक जण बेल्ट लावतात, एवढंच लोकांना सांगितलं. चारचौघं करतात तेच करायची खोड सगळीकडं सारखीच! पण आपल्याकडं मागच्या सीटबद्दल असं म्हणणं धादांत खोटं ठरेल. आणि 'कुणीच लावत नाही' असं ओरडून सांगावं, तर न लावणाऱ्याला आयतीच सूट.

मला ब्रिटनमधल्या ससेक्सची 2010 ची जाहिरात पटते. घरातच बाप खोटीखोटी गाडी चालवतोय, लेक नि बायको त्याला मिठी मारतात, तोच बेल्ट. रक्ताचा थेंब नाही.

गेवराईच्या पुढं पुतणी मागून वाकून म्हणाली, "पप्पा, बेल्ट." दादानं मुकाट्यानं लावला. आमचं एवढं मानसशास्त्र ऐकून हूं का चूं केलं नव्हतं.