तांब्याचे +२ आयन काट्यावर तोलले: तिसरी फेरी

अखेर आकडा जुळला! मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या, प्रवाह ०.२० अँपिअर, वेळ मोजून २ तास. म्हणजे १,४४० कूलोम. तांब्याचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून +२ आयन (प्रभारित अणू) म्हणून द्रावणात उतरत असेल, तर धनाग्राचं (धन टोकाला जोडलेल्या पट्टीचं) वजन ०.४७ ग्रॅमने घटायला हवं. एकच ठेवत असेल तर ०.९५. माझी घट आली ०.४८. पट्टी पुन्हा धुतली, वाळवली, पुन्हा तोलली. तेवढीच.

ऋणाग्रावर मात्र ०.४५ च चढलं. आधीच्या दोन फेऱ्यांत तर याहून कितीतरी कमी, कारण घाईने प्रवाह वाढवला होता. तांबं भुरभुरीत बसलं आणि धुताना निघून गेलं. प्रवाह कमीच ठेवा.

आता मला खरा छळणारा प्रश्न: दोनच का? सोडियमचं सोपं आहे. पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोजूल प्रति मोल, दुसऱ्याला एकदम ४,५६२, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला. तांब्याला अष्टकाचा नियम (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर) लागूच पडत नाही. तिथे पहिल्याला ७४५ आणि दुसऱ्याला १,९५८. नुसतं हे पाहिलं तर तांब्याने एकावरच थांबावं.

राहिलेला हिशेब पाण्यात आहे. +२ आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट जमतात आणि सुमारे २,१०० किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. +१ भोवती साधारण ६०० च. दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा बहुतेक खर्च या फरकातून निघतो. म्हणूनच साध्या पाण्यात +१ आयन टिकत नाहीत: दोघांतला एक +२ होतो, दुसरा इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातू बनतो. आयन किती प्रभाराचा, हे एकट्या अणूकडे बघून ठरवायची आपली सवय मला आता अपुरी वाटते. भोवती काय आहे तेही धरायला हवं.

ते तपासायला चौथी फेरी मिठाच्या संपृक्त द्रावणात लावली आहे. मिठातलं क्लोराइड +१ ला धरून ठेवतं, त्यामुळे घट ०.९५ कडे सरकावी. (ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो, खिडकी उघडी ठेवा.) अर्धा तास झालाय. +२ चा निळा रंग कुठेच नाही, भांड्यात पिवळट-नारिंगी साका धरतोय.