दोन वळणांच्या मधे

जंगलाच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर ‘सोपी वाट’ असे लिहिलेले दिसले की त्या फलकावरचा माझा विश्वास निम्म्याने कमी होतो, कारण ‘सोपी’ हा शब्द नेहमी जाऊन आलेल्या माणसाने लिहिलेला असतो. परवा दुपारी अशाच एका फलकापुढे उभा होतो. एका बाजूचे अंतर 4 किलोमीटर, चढ 180 मीटर, वेळ दीड तास. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशेब सांगून ठेवला आहे: दर 3 मैलांना एक तास धरावा आणि दर 2,000 फूट चढाला आणखी एक तास मिळवावा. त्या हिशेबाने ही वाट सव्वा तासाच्या आतच संपायला हवी. नेस्मिथने अर्थात धडधाकट माणूस धरला होता; बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधण्याच्या निमित्ताने दम खाणारा माणूस त्याच्या हिशेबात नव्हता. मला अडीच तास लागले, आणि त्यातली वीसएक मिनिटे एका ओरखड्यापाशी गेली.

ओरखडा जमिनीवरचा. वाट डोंगराच्या अंगाला बिलगून नागमोडी चढत होती, आणि खालच्या वळणावरून वरच्या वळणाकडे सरळ घुसणाऱ्यांनी दोहोंच्या मधे मातीचा एक उघडा पट्टा पाडला होता. त्यावर ना गवत होते, ना पाचोळा. झाडांची मुळे तेवढी हाताच्या शिरांसारखी वर आली होती. वाटेने गेले तर दीडदोनशे पावले, ओरखड्यावरून गेले तर पंचवीस. ही चोरवाट पाहिली आणि मला मामा आठवला.

मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन. मामा आम्हा भाचरांना घेऊन अशाच एका झाडीतल्या डोंगरावर निघाला होता. त्याची चाल इतकी संथ होती की आम्हाला तिचा राग यायचा. एका वळणावर मी त्याची नजर चुकवून सरळ वर चढलो, हातापायांना माती फासून घेतली आणि वरच्या वाटेवर कमरेवर हात ठेवून विजयी मुद्रेने उभा राहिलो. मामा आपल्या गतीने आला. रागावला नाही. ‘चल खाली,’ एवढेच म्हणाला आणि मला वाटेवाटेने पुन्हा खालच्या वळणापर्यंत घेऊन गेला. तिथून आम्ही ते वळण रीतसर चाललो. वर पोहोचल्यावर त्याने पाण्याची बाटली उघडली आणि थोडे पाणी वाटेवर ओतले. वाट दरीच्या बाजूला किंचित कलती होती. पाणी तिच्यावरून आडवे पसरले आणि काठावरच्या पाचोळ्यात जिरले. मग उरलेले पाणी त्याने मी चढून आलो होतो त्या मातीवर ओतले. ते एका रेघेत सरळ खाली धावले आणि जाताना बोटभर माती सोबत घेऊन गेले.

‘बघितलंस? तू ज्या वाटेने आलास, तीच याने धरली.’

मामाचा मुद्दा बिनतोड होता, पण बाटली रिकामी झाली होती आणि माथा अजून दूर होता. बाकीची भाचरे दिवसभर माझ्याशी बोलली नाहीत. मराठीत वळण वाटेला असते, अक्षराला असते आणि पोरालाही लावतात. मला ही तिन्ही एकाच माणसाने लावण्याचा प्रयत्न केला. त्यातले अक्षर हाती लागले नाही.

मात्र वाटेचे वळण असे काही बसले की आता ती खोड होऊन बसली आहे. दोन वळणांच्या मधून मी जात नाही, कुणी पाहत नसले तरी. वाटेत चिखल असला तरी कडेच्या गवतावरून न जाता मधूनच बूट भरवत जातो, कारण प्रत्येकाने चिखल टाळला की वाट हातभर रुंद होते आणि पुढच्या पावसाळ्यात चिखलही तेवढाच पसरतो. सोबतचे लोक मला वैतागतात. मी त्यांना वाटेचा उतार 10 टक्क्यांच्या आसपास का ठेवतात हे समजावू लागतो, म्हणजे दहा पावलांत एक पाऊल एवढीच उंची का घ्यायची ते, आणि मग ते आणखी वैतागतात.

सोपी वाट सोपी राखणे हे मोठे किचकट काम आहे, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेत 1964 मध्ये अरण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर यांनी आठ वर्षांत 66 वेळा लिहिला, आणि कायद्यावर सही होण्याच्या चार महिने आधीच ते वारले. त्या कायद्याखालच्या अरण्यांत यंत्रांना सहसा मज्जाव असतो, त्यामुळे वाटेवर एखादा प्रचंड वृक्ष आडवा झाला तर तो दोघांनी दोन्ही टोकांना धरून ओढायच्या लांब करवतीने कापावा लागतो. या बाजूने एकाने ओढायचे, मग त्या बाजूने दुसऱ्याने. ढकलायचे कुणीच नाही, नाहीतर पाते वाकते. एका ओंडक्यापायी माणसे घामाघूम होतात, आणि मग माझ्यासारखा कुणी त्या कापातून हात हलवत जातो आणि म्हणतो, वाट सोपी आहे.

चढताना उतरणारी माणसे भेटत होती. त्यांना ‘अजून किती?’ असे विचारायचे नसते, पण मी विचारतो. उत्तर ठरलेले असते: ‘हे काय, आलंच. दहा मिनिटं.’ पुढे वीस मिनिटांनी भेटलेला दुसराही दहाच मिनिटे सांगतो. उतरताना मीही तेच सांगितले, आणि सांगताना ते मला अगदी खरे वाटत होते.

माथ्यावर फार थांबलो नाही. जंगलात संध्याकाळ बाहेरच्यापेक्षा लवकर होते; वर आभाळ उजळ असते आणि खाली पायांजवळ मूळ कोणते आणि सावली कोणती हे कळेनासे होते. शिवाय चढताना छाती कुरकुरते ती थांबले की गप्प बसते, पण उतरताना मांड्यांचे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच भार पेलत असतात, आणि त्यांची तक्रार दुसऱ्या दिवशी जिन्यावर ऐकू येते.

वर जाताना त्या ओरखड्यापाशी माझी वीस मिनिटे गेली ती एका वाळक्या फांदीपायी. ती झाडीतून ओढून आणून मी त्या उघड्या पट्ट्यावर आडवी टाकली होती, खाली दगड लावले होते, वर पाचोळा पसरला होता, आणि हात झटकताना मामाची आठवण येऊन जरा बरेही वाटले होते. उतरताना तिथे पोहोचलो तर कुणीतरी ती फांदी उचलून बाजूला ठेवली होती, तीही नीट, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येऊ नये अशी. पाचोळ्यावर बुटांचे ताजे ठसे होते. त्यांत एक जोडी लहान मुलाची होती.

डावा गुडघा बोलत होता. तरी वाकलो आणि फांदी पुन्हा आडवी टाकली.