नेफा, नाडी आणि मायटोकॉन्ड्रिया

परवा रात्री आई पंख्याखाली बसून परकरात नाड्या ओवत होती. आमच्या पूर्वभागात बऱ्याच घरात बायका शिलाईचं काहीतरी काम घरी आणतात, आईकडे डझनावारी परकर येतात आणि नाडी ओवायचं काम शेवटी माझ्या गळ्यात पडतं. मी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, बीएस्सीला शिकवतो (पगार कधी होतो ते विचारू नका), दुसऱ्या दिवशी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, प्रोटीन कसं जातं यावर लेक्चर होतं आणि टॉम ट्वेंटी, टॉम फॉर्टी, टिम ट्वेंटी थ्री असली तिथल्या प्रोटीनांची नावं वाचून माझंच डोकं जड झालेलं. हातात सेफ्टी पिन लावलेली नाडी होती, ती नेफ्यातनं सरकवता सरकवता एकदम डोक्यात आलं, अरे हे तर तेच चाललंय की.

मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो हे आपण सगळे घोकतो, पण तो आहे केवढा? माणसात १६,५६९ अक्षरांचा, आणि त्यातनं प्रोटीनं बनतात फक्त १३. लागतात मात्र हजाराच्या वर. म्हणजे जवळपास सगळा माल बाहेर सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या रसात, तयार होतो आणि मग पडदे ओलांडून आत जातो. 'पेशीचं पॉवरहाउस' या एका ओळीनं आपलं लई नुकसान केलंय असं माझं मत आहे, पोरांना वाटतं तिथं एटीपी (पेशीचं इंधन) बनतं, विषय संपला.

तर नाडी. ती तशीच नेफ्यात जात नाही, मऊ असते, दुमडते, म्हणून पुढं पिन लागते. मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्या बऱ्याच प्रोटीनांच्या पुढच्या टोकाला साधारण १५ ते ५० अमिनो ॲसिडचा एक तुकडा असतो, प्रीसिक्वेन्स म्हणतात, पॉझिटिव्ह चार्जवाला. तीच पिन. बाहेरच्या पडद्यावरचे टॉम ट्वेंटी आणि टॉम ट्वेंटी टू ती ओळखतात, टॉम फॉर्टीच्या भोकातनं ती आत शिरते आणि पुढं आतल्या पडद्यातला टिम ट्वेंटी थ्री तिला घेतो. कुठं जायचं त्याचा पत्ता प्रोटीनमध्येच लिहिलेला असतो, या शोधाला १९९९ चं नोबेल आहे, गुंटर ब्लोबेल यांना.

आई नाडीवरून दोनच गोष्टींना ओरडते. एक म्हणजे गाठ. गाठ राहिली की नेफ्याच्या तोंडाशीच अडकतं. घडी पडलेलं प्रोटीन पण त्या भोकातनं जात नाही, म्हणून बाहेरचे शॅपरोन, म्हणजे मदतनीस प्रोटीनं, एचएसपी सेव्हंटी वगैरे, त्याला सुटं धरून दारापर्यंत आणतात. दुसरी गोष्ट, "नुसतं ढकलू नको रे, पिन पुढं सरकली की तिथंच चिमटीत धर, मग कापड मागं ओढ." चिमटीत नाही धरलं तर पिन परत मागं येते, मी दहा वेळा करून बघितलंय. आतल्या बाजूला मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा एचएसपी सेव्हंटी असतो, तो म्हणजे ही चिमूट. जेवढं आत आलं तेवढं धरायचं, मागं जाऊ द्यायचं नाही, पुढं सरकलं की परत धरायचं, आणि यात एटीपी खर्च होत राहतं. शिवाय आतल्या पडद्याची आतली बाजू निगेटिव्ह असते, साधारण १५० मिलिव्होल्टचा फरक, म्हणजे रिमोटमधल्या सेलच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण पॉझिटिव्ह पिन खेचून घ्यायला तेवढा बास होतो. हा व्होल्टेज लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आत गेल्यावर एमपीपी नावाचं एन्झाइम पिन कापून टाकतं. इथं माझी उपमा गंडते, कारण आई पिन काढून परत बांगडीत अडकवते आणि तिकडं मात्र कापलेल्या पिनेचा पण चुरा करतात. मग एचएसपी सिक्स्टी, झाकणाच्या डब्यासारखा, बऱ्याच प्रोटीनांना आत घेऊन नीट घडी घालू देतो. घडी बिघडलीच तर लॉन, क्लिप-पी असल्या कात्र्या आहेत. काही प्रोटीनांना पिनच नसते, त्यांच्या वाटा वेगळ्या, ते इथं नको.

वर्गात हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, पण अख्खा मायटोकॉन्ड्रियाच बाद झाला तर पेशीला कळतं कसं?" खरं सांगतो, मला हाच भाग सांगायचा होता.

आमच्या गल्लीत एक आजोबा एकटे राहतात. दूधवाला पहाटे पिशवी कडीला अडकवून जातो, ते उठले की आत घेतात. मागच्या उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजले तरी पिशवी कडीलाच. झालं, गल्ली गोळा झाली.

पेशीत ही पिशवी म्हणजे पिंक-वन नावाचं प्रोटीन. ते सतत बनतं आणि सतत प्रत्येक दारावर जातं. आत व्होल्टेज ठीक असला तर ते ओढलं जातं, पार्ल नावाची कात्री त्याला कापते, तुकडा बाहेर येऊन नष्ट होतो. दार साफ. व्होल्टेज गेला की ओढणारं कोणी नाही, पिंक-वन टॉमच्या दारातच लटकून साठत जातं, ते पार्किन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला बोलावून जागं करतं आणि पार्किन त्या मायटोकॉन्ड्रियावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनच्या चिठ्ठ्या चिकटवत सुटतं. मग पेशी तो अख्खाच्या अख्खा पडद्यात गुंडाळून लायसोसोमकडं, म्हणजे पेशीच्या कचरा मोडायच्या पिशवीकडं, पाठवते. म्हणजे तपासायला वेगळा इन्स्पेक्टर ठेवलेलाच नाही, माल आत जातोय का नाही हीच तपासणी! पार्किनचा जीन १९९८ मध्ये सापडला आणि पिंक-वनमधला दोष २००४ मध्ये, दोन्ही कमी वयात होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सन आजाराच्या घराण्यांमध्ये. पार्किन बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतं हे कळलं २००८ मध्ये.

तीच पोरगी परत, "पण सर चुकून चिठ्ठी लागली तर?" त्याला यूएसपी थर्टी नावाचं एन्झाइम आहे, बाहेरच्या पडद्यावर बसून चिठ्ठ्या काढून टाकतं. त्याला अडवणारं औषध पार्किन्सनवर चालेल का, यावर काम चालू आहे.

आमच्या गल्लीत हे काम समोरच्या काकूंनी केलं. पोरं पहार घेऊन दार फोडायला निघाली होती, त्या म्हणाल्या थांबा, आधी त्यांच्या लेकीला फोन लावा. आजोबा पहाटेच्या एसटीनं अक्कलकोटला गेले होते. पाचला आले, सगळ्यांना प्रसाद दिला आणि दूध नासलं म्हणून आमच्यावरच चिडले.