डीएनए केलं की बाप ठरला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कौटुंबिक न्यायालयात वकिली करते म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "वकीलबाई, आता डीएनए टेस्ट आहे ना? बाप कोण ते रिपोर्टमध्येच कळतं, मग कायद्याचा एवढा घोळ कशाला?"

रिपोर्टमध्ये कळतं ते बीज कुणाचं एवढंच. शाळेची फी कुणी भरायची, वारसा कुणाचा, हे त्यात नसतं.

1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112 सांगायचं, की लग्न टिकून असताना, किंवा ते मोडल्यावर बाईने पुन्हा लग्न केलं नसेल तर 280 दिवसांत, झालेलं मूल त्या नवऱ्याचंच. सुटायची वाट एकच: त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे सिद्ध करा. 2014 मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएला झुकतं माप दिलं, लोकांच्या लक्षात राहिलं तेवढंच. मुलांची ऊठसूट डीएनए चाचणी करायची नाही, हे त्याच न्यायालयाने 2023 मध्ये बजावलं, ते कुणी सांगत नाही. त्या पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला तेव्हा हे कलम 116 वा नंबर घेऊन तसंच पुढे आलं, 280 दिवसांसकट.

आता समजा, नवऱ्याच्या संमतीने, दात्याचे शुक्राणू घेऊन आयव्हीएफ झालं. पुढे बिनसलं आणि साहेब म्हणाले, डीएनए करा, मूल माझं नाही. रिपोर्ट त्यांच्याच बाजूने येणार की! पण 2021 चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा म्हणतो, मूल त्या जोडप्याचंच. दात्याचा हक्क उरत नाही.

2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण तर घरातलंच. धाकट्या बहिणीने थोरलीसाठी बीजांड दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला, मेहुणीही तिथे राहायला आली, आणि म्हणणं काय, तर खरी आई तीच! सरोगसीचा करार 2018 चा, म्हणजे 2021 च्या कायद्याआधीचा, म्हणून न्यायालयाने आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2005 ची मार्गदर्शक तत्त्वं लावली: बीजांड देणारीला आईचा हक्क नाही. थोरलीला दर आठवड्याअखेर मुलींना भेटायची मुभा मिळाली.

म्हणजे मूल हवं असं कुणी ठरवलं, याला कायदा आता किंमत देतो. पण बहुतेक लग्नाच्या चौकटीतच. सरोगसी विवाहित जोडप्याला, नाहीतर 35 ते 45 वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित बाईला. एकटी बाई दात्याच्या मदतीने आई होऊ शकते; पण दोघी मैत्रिणी संसार करत असतील, तर मुलाला रात्री ताप आल्यावर जागणारी दुसरी शाळेच्या फॉर्मवर फार तर 'लोकल गार्डियन'. पहिलीचं काही बरंवाईट झालं, तर आजी-आजोबा मुलाला उचलून नेऊ शकतात आणि हिला पालकत्वासाठी अर्ज करत बसावं लागतं. माझ्या मते कलम 116 लाच हात घालायला हवा: संमतीने मूल आणणारे ते पालक, लग्न असो-नसो.

ते होईल तेव्हा होईल. तोवर माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी विचारते, सह्या केलेल्या संमतीपत्राची प्रत आहे का? बहुतेकदा ती हॉस्पिटलच्या फाइलीत असते, घरी नसते. सरोगसी असेल तर पालकत्वाचा मॅजिस्ट्रेटचा आदेश आधीच घ्यावा लागतो. जन्माची नोंद त्यावरच होते. दोन्हीच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा, भांडण नसताना.