रत्नागिरी रोडवर फसलो, इस्पुर्लीकडे पोटभर जेवलो

‘चुलीवरचं मटण, रस्सा अनलिमिटेड’ अशी पाटी दिसली की लगेच गाडी उभी करू नका. आधी मागं जाऊन चूल पेटलेली आहे का ते बघा. कोल्हापूर शहराबाहेर जेवायला निघणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगेन, कारण हे न केल्यामुळं माझा एक अख्खा रविवार आणि जवळजवळ हजार रुपये वाया गेले.

सुरुवात डिसेंबरात झाली. वहिनीच्या माहेरची मंडळी नाशिकहून अंबाबाईच्या दर्शनाला आली होती आणि दर्शनानंतर त्यांना मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा खायचा होता. रविवार. स्टेशनपासून ताराबाई पार्कापर्यंत जिथं जाईल तिथं दारात माणसं उभी. एका ठिकाणी वहीत नाव लिहून घेतलं, पाऊण तास सांगितला आणि पावणेदोन तासांनी टेबल दिलं. वर ‘सुकं संपलंय’ म्हणून पोरगं मोकळं झालं. पाहुण्यांपुढं मान खाली गेली. त्याच रात्री मावसभावाला म्हटलं, आता गावात जेवायला जायचं नाही. वेशीच्या बाहेर काय मिळतंय ते आपणच बघू.

जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही दोघांनी मोटारसायकलवर चार दिशा केल्या. तास-दीड तास गाडी चालवायची सवय, हेल्मेट, थंडीचं जाकीट, तोंडाला मोठा रुमाल हे तुमच्याकडं आहे असं धरूनच पुढचं लिहितोय. रुमाल विसरू नका. का ते आता सांगतो.

पहिली फेरी रत्नागिरी रोड. भावाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ होता: डोंगराचा पायथा, धुराची वलयं, मातीच्या भांड्यात रटरटणारं मटण. ठिकाण वाघबीळच्या अलीकडं. साडेअकराला शिवाजी पूल ओलांडला आणि तिथून पुढं रस्त्यानं जीव काढला. चौपदरीकरणाची खणाखणी, डायव्हर्जन, एका बाजूला खडीचे ढीग, पुढं डंपर. डंपरच्या मागं अडकलं की पुढचं दिसत नाही, आणि ओव्हरटेक करावं तर समोरून एसटी. त्यात माघ महिना, जोतिबाच्या खेट्यांचा, म्हणजे पायी दर्शनाला जायचा रविवार. अनवाणी चालत गेलेली माणसं पहाटेच डोंगरावर पोचली होती, पण गाडीनं जाणारे सगळे त्याच वेळी केर्लीच्या फाट्याला तुंबले होते. केर्ली ते वाघबीळ, एरवी पंधरा मिनिटांचं अंतर, आम्हाला पन्नास मिनिटं लागली. उतरलो तेव्हा भावाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. दातात कचकच माती. ज्याला दम्याचा त्रास आहे त्यानं हे काम पूर्ण होईपर्यंत दुचाकीवरून या रस्त्याला जाऊच नये. मी हे जरा जास्त सांगतोय असं वाटेल, पण दोन दिवस मला खोकला होता.

आता जेवण. दारात चूल होती, वर काळं पातेलं होतं, फोटो काढायला चार माणसं उभी होती. मी हात धुवायला मागं गेलो तर तिथं गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या धडधडत होत्या आणि मटण तिथूनच येत होतं. दारातल्या चुलीची राख गार होती. मी बोट लावून बघितलं.

गॅसवर केलंय म्हणून मटण वाईट होतं असं नाही. वाईट होता तो पांढरा रस्सा. चमचा उचलला की मागं तार येत होती, पेजेसारखी. पांढरा रस्सा पाण्यासारखा पातळ असतो, वाटीला तोंड लावून प्यायचा असतो. आमच्या आईचा पांढरा घशातून उतरला की आधी मिरी लागते आणि मग नारळ. इथं आधी आणि नंतर, दोन्हीकडं कॉर्नफ्लॉवर. तांबड्यात वर लाल तेल होतं, खाली चव नव्हती.

आणि बिल. पाटीवर थाळी ३५०, बिलात ४२०, कारण ‘रविवारचा रेट’. जादा दोन भाकरी ६०. पाण्याच्या दोन बाटल्या ६०. पांढऱ्याच्या जादा तीन वाट्या १५०. पाटीवर अनलिमिटेड लिहिलंय म्हटलं तर उत्तर आलं, ‘अनलिमिटेड तांबडा हाय, पांढरा न्हाई.’ सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, ५६ रुपये. एकूण १,१६६, आणि ते साध्या वहीच्या पानावर पेननं लिहिलेलं.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर तो कर तुमच्याकडून घेताच येत नाही. आणि छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची सोय) असतील तर त्यांच्याकडं नंबर असतो, तरीही गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळा कर लावायची त्यांना परवानगी नाही. मी आवाज न चढवता नंबर मागितला. मालक आतून आले, कागद घेतला आणि ५६ खोडले. मग पाटीचा फोटो दाखवल्यावर १५० पण खोडले. ९६० देऊन बाहेर पडलो. रविवारच्या रेटवर मात्र ते हलले नाहीत. म्हणून सांगतो, बसायच्या आधी पाटीचा फोटो काढा. भांडणाची वेळ आली की तोच कामाला येतो.

कोल्हापूरकराला मटणाच्या दराबद्दल कोणी शिकवू नये. २०१९ च्या अखेरीला दर वाढले तेव्हा कसबा बावड्यानं मटणावर बहिष्कार टाकला आणि सगळ्या जिल्ह्यानं ते लावून धरलं. किलोला चार पैसे वाढले तर जाब विचारणारी माणसं आपण, आणि थाळीवर सत्तर रुपये गपचूप वाढवले तर मात्र पाहुण्यांसमोर नको म्हणून देऊन टाकतो. देऊ नका.

त्या बाजूला जायचंच असेल तर कसबा बावड्यावरून शिये, भुये, कुशिरे करत जोतिबा गाठा आणि तिथून गिरोली-दाणेवाडीच्या रस्त्यानं पन्हाळ्याला उतरा. थोडं लांब पडतं, वळणं आहेत, पण श्वास घेता येतो. आमची दुसरी फेरी याच वाटेनं झाली, मुद्दाम मंगळवारी. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून शनिवार-रविवारी गडावर गाडी लावायला जागा शोधावी लागते. झुणका-भाकर आहेच, बायका ऊन असतानाच भाकरी ताटात टाकतात, सोबत खर्डा (मिरचीचा ठेचा), कांदा आणि छोट्या मडक्यातलं दही. माझं मत: दही उत्तम, खर्डा उत्तम, झुणका ठीक. पार्किंगजवळ जो हात धरून ओढतो त्याच्याकडं बसू नका, तटाच्या कडेनं पुढं चालत जा. आणि खर्ड्याला भिणाऱ्यांनी आधीच सांगावं, नंतर मडकी मागवत बसू नये.

तिसरी फेरी गारगोटी रोड. हिच्याविषयी लिहितानाही मला बरं वाटतंय.

कळंबा मागं टाकला, कात्यायनीचा डोंगर मागं पडला, आणि इस्पुर्लीच्या अलीकडं एका दूध संस्थेजवळ चहाला थांबलो. तिथं कॅन उतरवणाऱ्या एका मामांना विचारलं, ‘इथं जेवण कुठं चांगलं मिळतं?’ त्यांनी उलट विचारलं, ‘हाटेलातलं का घरातलं?’ घरातलं म्हटल्यावर बोटानं उसातली एक वाट दाखवली. पाटी नाही, नाव नाही. पत्र्याची शेड, चार टेबलं, भिंतीला टेकलेल्या शेणी, आणि चुलीपुढं पाटावर बसलेल्या काकी. ही चूल खरोखर जळत होती.

‘सांगून आला असता तर ताजं केलं असतं की. आता अर्धा तास बसावं लागंल,’ त्या म्हणाल्या. बसलो. तो अर्धा तास या चार दिवसांतला सगळ्यात चांगला गेला, कारण मला चुलीजवळ बसू दिलं.

मटण आलं-लसणात शिजवून त्याचं पाणी त्यांनी आधीच वेगळं काढलं होतं, हळद न घालता. ‘हळद पडली की पांढरा पिवळा पडतोय.’ खडा मसाला तुपात तडतडला: दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी. त्यावर तीळ, खसखस आणि काजूचं बारीक वाटण. खसखस महाग, म्हणून हॉटेलवाले ती गाळतात आणि दाटपणा पिठानं आणतात, हे मला त्यांचं वाटण बघितल्यावर नीट कळलं. मग मटणाचं पाणी. एक उकळी आली तशी काकींनी चुलीतली दोन लाकडं मागं ओढली आणि मगच नारळाचं दूध ओतायला घेतलं. ओततानाही पळी थांबली नाही, एकाच दिशेनं फिरत राहिली. दूध घातल्यावर खळाखळा उकळलं की रस्सा फुटतो, त्याचे दाणे होतात आणि तेल वेगळं पडतं. पातेल्याच्या कडेला नुसते बारीक बुडबुडे दिसायला लागले तसं त्यांनी ते उचलून राखेवर ठेवलं. गॅसवर ही कला जमत नाही असं नाही, पण रविवारच्या घाईत दोनशे माणसांसाठी करणाऱ्याला ती जमत नाही.

पहिली वाटी मी उभ्यानंच संपवली. आधी मिरी, मग नारळ.

तांबडा झणझणीत होता, पण पोटात आग नाही. कांदा-लसूण चटणी घरची, रंग ब्याडगीचा आणि तिखटपणा संकेश्वरीचा. सुक्याला खोबऱ्याचा खमंग वास, मटण बोटानं तुटणारं. जोंधळ्याची भाकरी तव्यावरून निखाऱ्याकडं आणि निखाऱ्यावरून ताटात. रस्सा तीनदा घेतला. थाळी २८०, दोघांचे ५६०. जादा वाट्यांचं विचारलं तर काकी रागावल्याच, ‘रश्श्याचं पैसं घेत्यात व्हय कोण?’

या प्रकारच्या खानावळीसाठी माझा सल्ला असा. गावात शिरलात की दूध संस्था, तालीम नाहीतर किराणा दुकान गाठा आणि ‘तुमच्या घरचे पाहुणे आले तर कुठं नेता?’ असं विचारा. ‘फेमस काय आहे’ विचारलंत की हायवेवरचंच नाव ऐकायला मिळेल. दोन दिवस आधी फोन करून माणसं किती ते सांगा. बुधवार किंवा शुक्रवार धरा. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी बरीच घरं वशाट, म्हणजे मटण-मासे, करत नाहीत, आणि रविवारी त्या घरची स्वतःचीच माणसं जेवायला असतात. सुट्टे पैसे ठेवा. काकींचा नंबर इथं देत नाही. त्या एका वेळी वीस ताटं वाढतात आणि त्यांना तेवढीच वाढायची आहेत.

गगनबावडा रोडची चौथी फेरी सुखाची झाली. रस्ता चांगला, जेवण चांगलं, बिल बरोबर.

परतताना मात्र सांगरूळ फाट्याच्या आसपास एका गुऱ्हाळावर थांबलो, आणि मटणानंतर गोड काय खायचं हा प्रश्न तिथं सुटला. काहिलीत आधण उतरायच्या बेतात होतं, गुळव्यानं फावडं वर धरून धार बघितली आणि एका वाटीत काकवी, म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा घट्ट पाक, काढून दिली. ती गरम असते, जीभ भाजेल इतकी. दोन मिनिटं थांबा. गुऱ्हाळ म्हणजे दुकान नव्हे, तिथं माणसं पहाटेपासून चुलवाणापुढं राबत असतात; आधी विचारा, लहान पोरांचा हात सोडू नका, काकवी न्यायची तर घरून स्टीलचा डबा घेऊन जा. प्लास्टिकची बाटली गरम काकवीनं चिमटते, आमची चिमटली आणि भावाची बॅग चिकट झाली. गूळ फार पिवळाधमक दिसला तर दुसरा मागा. काळपट, जरा ओलसर ढेप मला जास्त आवडली. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंतच हा योग आहे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एकच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघितल्याशिवाय पश्चिमेला निघू नका. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला रत्नागिरी रोड पाण्याखाली होता, आणि गगनबावडा रोडवर मांडुकलीला त्याआधीच पाणी येतं. जेवून परत येताना वाट बंद झाली तर रात्र तिकडंच.

पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन गारगोटी रोडला चाललोय. ती बाहेरचा पांढरा पीत नाही, हे काकींना फोनवर सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ‘त्यास्नी घिऊन या. म्होरं बसून वाढते मी.’